सैल फरशी

"ही फरशी राहू दे," आई म्हणाली.

गवंड्याने थापी थांबवून मुलाकडे पाहिलं.

"यातच अंगठा अडकून पडशील एक दिवस," मुलगा म्हणाला.

"इतकी वर्षं नाही पडले."

"पडायला काय मुहूर्त लागतो?"

गवंडी हसला आणि कामाला लागला.

दाराच्या आतल्या बाजूची ती फरशी पाय पडला की खट् वाजायची. आईच्या डोळ्यांना आता सगळं धुक्यातलं दिसे. ती कानांवर घर चालवायची. बाबा उठले की आधी चपला फटफटत, मग फरशी वाजे, मग बिजागरी कुरकुरे. तेवढ्या वेळात ती ओट्यापासून दार गाठायची.

बाबांनी पाणीपुरवठ्यात जन्मभर व्हॉल्व्ह उघडले. नोकरी संपली होती, डोक्यातली ड्युटी संपली नव्हती. "पाणी सोडायची वेळ झाली," म्हणत ते निघत. एकदा टाकीच्या कठड्यावर उभे सापडले. मुलाला तिने ते कळू दिलं नव्हतं. शेजारच्या काकांचं असंच झालं तेव्हा तो म्हणाला होता, "अशा माणसाला वृद्धाश्रमातच ठेवावं. तिथे निदान लक्ष तरी राहतं."

मुलाने मात्र मन लावून सगळं केलं. न्हाणीत आणि भिंतीकडेने आधाराचे दांडे बसवले. दाराची आतली कडी काढली: "आत पडलात तर दार फोडत बसायचं का?" बिजागरीला तेल दिलं. बाबांना रबरी तळाच्या चपला आणल्या. बाबांनी दोन फेऱ्या मारून दाखवल्या.

"माझं मांजर झालं की रे."

सगळे हसले. आई जरा उशिरा हसली.

गवंड्याने फरशी काढून तिथे सिमेंट भरलं. "संध्याकाळपर्यंत ओलांडून जा, काकू. पाय नका देऊ."

कामावर निघताना मुलगा म्हणाला, "आता निर्धास्त राहा गं."

आई दाराकडे तोंड करून भाजी निवडत बसली. बंद दार म्हणजे तिला एक करडा चौकोन. मग दूध वर आल्याचा वास आला, म्हणून ती वळली. गॅस बंद केला, ओटा पुसला.

"अहो, चहा टाकू?"

घरात कुठे काही वाजलं नाही.

"अहो?"

करडा चौकोन आता पांढरा लख्ख दिसत होता. नव्या दांड्याला धरून ती दारापर्यंत गेली, वाकली. सिमेंट ओलंच होतं. रबरी तळाची नक्षी बोटांना नीट लागली. चवडा बाहेरच्या बाजूला.

तिने स्वतःच्या चपला शोधल्या नाहीत. त्याच ठशावर अनवाणी पाऊल टाकून ती बाहेर पडली.