भिडस्त माणसाची कंबर

बाबांची उभी हयात पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत गेली. तिथे रोज शिव्या खाऊन त्यांनी ठरवलं होतं की आपण कुणाकडे कसलीही तक्रार करायची नाही. न्हाव्याने एक कल्ला साफ उडवला तेव्हाही ते म्हणाले, "मोकळं वाटतंय."

कंबर मात्र भिडस्त नव्हती. सरळ व्हायला गेलं की कळ थेट मांडीत उतरायची. त्यामुळे बाबा वाकूनच असायचे आणि घरात आम्ही त्यांच्या टकलाशी बोलायचो.

शेवटी डॉक्टरांनी उपाय सांगितला. मणक्याच्या सांध्यातलं दुखणं मेंदूला कळवणारी एक बारीक नस असते, ती तापलेल्या सुईने जाळायची. चुगली करणारीच गेली की चुगली बंद.

"पण आधी नस बधिर करून बघू," डॉक्टर म्हणाले. "दुखणं निम्म्याच्या खाली आलं तर नस तीच. नाहीतर दुसरी शोधू. तेव्हा काका, अगदी खरं सांगायचं हं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

इंजेक्शन झालं. डॉक्टर तरुण होते, घामाने डबडबले होते. "आधी दुखणं दहापैकी आठ होतं. आता?"

"तीन," बाबा फरशीला म्हणाले. "हात काय हलका आहे तुमचा!"

डॉक्टर खुलले. नस जाळायचा दिवसही ठरला.

बाहेर येताच आई म्हणाली, "तीन ना? व्हा सरळ."

बाबांनी प्रयत्न केला. तोंडातून निघालेला आवाज तीनचा नव्हता.

"खरं किती?"

"आठच. अगं, पोरगं किती जीव ओतून करत होतं. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"म्हणून निरपराध नस जाळून घेणार?"

"ती काही बोलायची नाही," बाबा म्हणाले. आवाजात आपुलकी होती.

आईने त्यांना दंडाला धरून परत आत नेलं. "डॉक्टर, ह्यांचे तीन खोटे आहेत."

"अगदीच खोटे नाहीत..."

"तुम्ही गप्प बसा!"

पुढच्या आठवड्यात शेजारची नस बधिर केली. थोड्या वेळाने बाबांना तपासणीच्या खोलीत आणून बसवलं.

"आता किती, काका?"

बाबा चकित झाले. "शून्य!"

डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. "भीड बाळगू नका. सात म्हणा, मी रागावणार नाही."

"अहो, खरंच शून्य!"

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"काय सांगू? करपलेल्या भाजीचंही ते असंच तोंड भरून कौतुक करतात."

"मग एवढ्यावर मला नस जाळता येणार नाही."

बाबा हादरले. जन्मात पहिल्यांदा तोंडावर खरं बोलले होते आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. ते ताडकन उठले, पाठ ताठ केली, मान मागे टाकली आणि छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहतच राहिले.

"डॉक्टर," ते कडाडले, "पंख्यावर केवढी जळमटं ही! दवाखाना आहे की अडगळीची खोली? लाज नाही वाटत?"

आईने टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. "हीच नस! उद्या सकाळी जाळू या."

"आधी पंखा पुसा," बाबा म्हणाले.