काकूंची शांतता

माझी तान्ही पायल फक्त एका आवाजानं झोपायची, आणि त्या आवाजात काहीच नव्हतं. साखर पेठेतल्या कमलाकर सरांच्या खोलीतली नुसती शांतता.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या पॉडकास्टचं संपादन मी घरून करते. पायल झोपली की काम सुरू, उठली की बंद. कधी मेंदूचे डॉक्टर येतात, कधी चित्रकार, कधी यंत्रांना विचार करायला शिकवणारी पोरं. गप्पा कुठूनही निघाल्या तरी शेवटी देवापाशी नाहीतर मरणापाशी येऊन थांबतात. त्यातले खोकले, अडखळणं मी कापते. कापलेली जागा कोरी ठेवली तर कानाला खड्डा लागतो, म्हणून तिथं त्याच खोलीतली शांतता भरायची. त्यासाठी दर वेळी बोलण्याआधी थोडा वेळ गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करायची.

हे खातं सरांच्या बायकोचं, गोदावरीकाकूंचं. शेजारचे यंत्रमाग थांबले की त्या पंखा बंद करायच्या, बांगड्या कोपराकडं सारून दाबून धरायच्या आणि पलंगावर बसायच्या. पाहुणा कितीही मोठा असो, हूं नाही की चूं नाही. मग हात सोडायच्या. बांगड्या खळ्ळकन मनगटावर यायच्या आणि काकू म्हणायच्या, "आयतु!" अक्कलकोटचं माहेर त्यांचं, आयतु म्हणजे कानडीत झालं.

"विश्वाचं गूढ उकलायलासुद्धा आधी हिची परवानगी," असं म्हणत सर पहिला प्रश्न विचारायचे.

मला सातवा लागला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बाळाला आधी माझ्याकडं आणायचं. मी थोपटते, बघ कसं झोपतंय ते." पायल व्हायच्या आधीच काकू गेल्या.

काही दिवसांनी सरांनी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं. एका दुपारी पायल कूलरसमोर किंचाळत होती. तिला एका हातात धरून मी दुसऱ्या हातानं नवी फाईल उघडली. शांतता सुरू झाली आणि पायल गप्प. पापण्या मिटल्या, मूठ सैल पडली. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. त्यानंतर रोज मी ती शांतता स्पीकरवर पुन्हा पुन्हा वाजत ठेवायला लागले.

सासूबाई जेऊरहून आल्या होत्या. त्यांनी स्पीकर कानाला लावून बघितला. "ह्यात काय वाजतंय गं?"

"काही नाही, आई."

"काईच न्हाय, मग पोर झोपती कशी?" त्यांनी मीठमोहऱ्या आणून पायलची दृष्ट काढली.

"आता स्पीकरची पण काढा," मी हसून म्हटलं.

"काढते की," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. काढली.

मग पायल उठेनाशी झाली. दुधाची वेळ टळून जायची. गालाला ओला हात लावला, तळव्यांना टिचक्या मारल्या, तरी ती पडून. डॉक्टरांना काही सापडलं नाही, वजन मात्र उतरत होतं. स्पीकर बंद केला की जागी व्हायची, पण हात पसरायची ते स्पीकरकडं. मी उचललं की अंगाची कमान करून मला ढकलायची. छातीशी धरलं की तोंड फिरवायची.

एकदा मी काकूंच्या वेळची जुनी शांतता लावून बघितली. पायल रडतच राहिली. मग मी हेडफोन चढवून आवाज पूर्ण वाढवला. जुन्या शांततेत काकूंचा संथ श्वास होता आणि शेवटी बांगड्यांची खळ्ळ. नव्या शांततेत श्वास नव्हता. पण अगदी तळाशी काहीतरी हळू आपटत होतं. थप. थप. थप. कुणीतरी थोपटत होतं. बांगड्या शेवटपर्यंत वाजल्या नाहीत.

पायल झोपेत उतरत गेली तसं ते थोपटणंही मंद होत गेलं. पाळण्यात तिचा श्वास लांबला की हेडफोनमध्ये थप लांबायची. आणि ती फाईल कधीची रेकॉर्ड झालेली.

भर उन्हात पायलला पदराखाली घेऊन मी सरांकडं गेले.

"ये, ये! आणलंस एकदाचं पोरीला," सर म्हणाले.

"सर, काकू गेल्यापासून शांतता संपली की आयतु कोण म्हणतं?"

"कुणी नाही. पाहुण्याला हातानं खूण करतो." सरांनी चष्मा पुसला. "ते तिचं होतं गं. माझ्या तोंडून येत नाही."

मी सगळं सांगितलं. दर पाहुण्याला पुरावा मागणारे सर काहीच विचारेनात. पायलच्या बारीक मनगटाकडं बघत राहिले. मग उठून त्यांनी पंखा बंद केला, रेकॉर्डिंग सुरू केलं. बाहेरचे माग थांबलेले होते. मी पलंगावर एका कडेला बसले.

पायलनं मान माझ्यापासून फिरवली, रिकाम्या बाजूला. डोळे जड झाले. तिच्या पाठीवरचं झबलं हळूच दबलं, वर आलं, पुन्हा दबलं. मी हातही लावला नव्हता.

"काकू," मी म्हटलं, "छान झोपवलंत हो. पण तिला भूक लागलीय. द्या तिला माझ्याकडं."

झबलं दबतच होतं. पायलचा श्वास एवढा लांबला की पुढचा यायची मी वाट बघत राहिले.

"सर, म्हणा ना!"

सरांनी डोळे मिटले. "गोदा," ते म्हणाले, "आयतु."

खोलीत बांगड्या खळ्ळकन खाली आल्या.

पायल दचकली, कळवळून रडली आणि मान वळवून माझा पदर चाचपायला लागली. मी तिथंच तिला पाजायला घेतलं. सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, पंखा लावायचाही विसरले.

आता पायल दुपारभर मला छळते. थोपटून थोपटून माझा हात दुखतो, आणि डोळा लागता लागता ती माझं बोट घट्ट धरते.

पुढच्या भागात मी खोकल्यांच्या जागी त्या दिवशीची, बांगड्यांनंतरची शांतता भरली. भाग ऐकून सरांचा फोन आला.

"खोली फार रिकामी वाटतेय गं."

"हो, सर," मी म्हटलं. फोनवर आम्ही दोघंही गप्प राहिलो. मग सर हळूच म्हणाले, "आयतु," आणि फोन ठेवला.