कलेजीतली करणी

आसूड पाठीवर बसला, माणूस गुरासारखा ओरडला, आणि सगळ्या लॉनवर जयघोष उठला, "निर्विषनाथ महाराज की जय!"

उमरेड रोडवरचं हे लॉन एरवी लग्नांचं. नागपूरचा मे महिना असा, की कावळे झाडावरून झाडावर जायला ऑटो करतात. त्या उन्हात ही गर्दी उभी. कुणाच्या पायाला, कुणाच्या पाठीला न भरणारी जखम. मधोमध महाराज. त्यांची मिशी मंडपात आधी शिरायची, महाराज सावकाश मागून पोचायचे.

"विषा, सोड ठाण, नाहीतर घेतो तुझा प्राण!" असं गरजून त्यांनी रोग्याची पट्टी ओरबाडली. खपलीसकट मांस निघालं, रक्त गालिच्यावर ठिबकलं. मग तांब्यातलं तीर्थ जखमेवर ओतलं. फस्स! पांढराशुभ्र फेस उकळून वर आला.

"पाहा! करणी बाहेर पडून राहिली! चांगल्या कातडीवर फेस येते का? नाही येत! जिथं विष, तिथंच फेस!"

महाराजांनी स्वतःच्या तळहातावर तीर्थ ओतून दाखवलं. थेंबभरही फेस नाही. बाया रडायला लागल्या. माझ्या शेजारी माझा दोस्त वामनराव हात जोडून उभा होता.

वामनरावाची गोळीबार चौकात सावजी खानावळ. त्याचा रस्सा पिऊन एकदा एका पाहुण्याच्या चष्म्याची काच तडकली होती, मी स्वतः पाहिलं आहे. तर दिवाळीपासून वामनरावाच्या उजव्या तळव्याला जखम होती. चपलेतला खिळा दिवसभर तळव्यात घुसत होता आणि ह्याला पत्ता नाही! संध्याकाळी रक्तानं भरलेली चप्पल त्याच्या बायकोनं, देवकीवहिनीनं पाहिली, तेव्हा कळलं. मग सुरू झाले घरचे इलाज. हळद झाली, चुना झाला, बिडीची राख झाली, टूथपेस्टही झाली. लेक भूमिका डॉक्टर. ती दर रविवारी ओरडायची, "बाबा, शुगर आहे तुम्हाले! पाय दाखवा!"

"दुखतच नाही तर दाखवू काय?" हा हसायचा. जखम आतल्या आत हाडाकडे चालली होती.

आता महाराजांनी त्याला तीर्थाची बाटली दिली. "फेस थांबेपर्यंत रोज टाक. तरी नाही थांबला, तर मंगळवारी डाग देऊ. तुझ्याच चुलीचं लोखंड घेऊन ये."

मी म्हटलं, "वामन्या, नको बे जाऊ."

"शिऱ्या, तू जन्मभर थापा मारल्या. तुझं काहून ऐकू?"

अन् तो बाटली काखेत मारून निघाला.

सोमवारी सकाळी देवकीवहिनीची हाक आली. "श्रीधरभाऊजी, लवकर या! बकऱ्यावर करणी झाली!"

स्वयंपाकघरात परातीत कच्ची कलेजी पडलेली, आणि तिच्यावर फेसाचा डोंगर. नवऱ्याच्या पायावर तीर्थ टाकताना बाटली कलंडली होती.

"सांगा भाऊजी, बकऱ्याचं कोणाशी वैर?"

मी हसलो. वहिनी हसली नाही. तिनं शिजलेल्या कलेजीचा एक तुकडा कढईतून काढला, धुतला आणि त्यावर तीर्थ ओतलं. काही नाही. पुन्हा कच्चीवर ओतलं. फस्स! तिनं पदर खोचला आणि भूमिकेला फोन लावला.

मंगळवारी वामनराव न सांगता पहाटेच निघून गेला. आम्ही डबा घेऊन पोचलो तेव्हा उशीर झाला होता. वामनराव पाटावर बसलेला, दोन चेल्यांनी त्याची तंगडी धरलेली, आणि मटण परतायचा त्याच्याच खानावळीतला सराटा निखाऱ्यात लाल झालेला. वहिनी "थांबा!" म्हणून ओरडेपर्यंत महाराजांनी तो तळव्याला टेकवला.

चर्रर्र.

धूर निघाला. मांस करपल्याचा वास सुटला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. वामनराव चक्क हसत होता. "वेदनाच नाही! चमत्कार!" लोक जमिनीवर लोळले.

महाराजांनी दुसऱ्यांदा सराटा उचलला तशी वहिनीनं त्यांच्यावर झेप घेतली. सराटा उडाला, गालिचा धुमसायला लागला. एका चेल्यानं वहिनीच्या थोबाडीत हाणली, तिचा ओठ फाटला. तिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की सावजी मसाल्यावर पोसलेले दात सोडवायला दोघे लागले. तेवढ्यात मी तांब्या पळवला. म्हातारा माणूस चोरी करेल अशी कुणाला शंकाच येत नाही!

रक्त थुंकत वहिनीनं डबा उघडला. "ही बकऱ्याची कच्ची कलेजी. टाका भाऊजी!"

फस्स! फेस डब्याबाहेर आला.

"ही शिजलेली. टाका!"

शांत.

"काहून महाराज? करणी मसाल्यात मेली का?"

मागून भूमिका धावत आली. तिनं आधी गालिच्यावर पाणी ओतून आग विझवली, मग तांब्या वर धरून सगळ्यांना दाखवला. "हे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. औषधांच्या दुकानात मिळते. रक्तात, कच्च्या मांसात एक पदार्थ असतो. त्यानं ह्याच्यातला ऑक्सिजन मोकळा होते, म्हणून फेस. शिजवलं की तो पदार्थ मरते. अखंड कातडीवर फेस नाही, कारण आतलं मांस उघडं नाही. जखम आहे तोवर फेस येणारच! अन् रोज टाकाल तर भरणारं नवं मांसही जळेल."

"पण डाग?" कुणीतरी ओरडलं. "डाग दिला तरी दुखलं नाही ना!"

"बाबा, डोळे मिटा." भूमिकेनं साडीची पिन काढली आणि वामनरावाच्या डाव्या, चांगल्या तळव्यात टोचली. रक्ताचा थेंब आला. "दुखलं?"

"टोचली का तू?"

"ह्या पायावर महाराजांनी मंत्र म्हटलाच नाही. मग हा काहून बधिर? शुगरनं नसा मेल्या, बाबा. खिळा घुसला तेव्हाच मेलेल्या होत्या."

वामनरावानं पहिल्यांदा खाली वाकून स्वतःचा जळलेला तळवा पाहिला. मग तो लहान पोरासारखा रडला.

आता जमाव फिरला. ज्या आसुडानं विष निघत होतं, तोच महाराजांच्या पाठीवर कडाडला. मिशीचा अर्धा भाग कुणाच्या मुठीत आला. एकानं सराटा पुन्हा निखाऱ्यात खुपसला. "ह्याच्या तोंडावर डाग द्या!"

भूमिका मधे उभी राहिली. "द्या! मग पुढच्या मंगळवारी महाराज तुम्हीच. अरे, कायदा आहे ह्यासाठी. पोलीस येऊन राहिले." हात हळूहळू खाली आले. महाराज तिच्या पायाशी विव्हळत होते. त्यांना मात्र चांगलंच दुखत होतं.

वामनरावाच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला. आता रोज सकाळी वहिनी त्याचे तळवे उलटेपालटे करून पाहते, जशी बाजारात कलेजी पाहावी तशी. माझ्या बाकीच्या गोष्टींवर तुम्ही विश्वास ठेवू नका, चष्म्याची काच तर मुळीच तडकली नव्हती. पण एवढं खरं माना. जखम दोनचार आठवड्यांत भरली नाही, तर हळद, राख आणि महाराज बाजूला ठेवा, साखर तपासा, डॉक्टरला पाय दाखवा. वेदना म्हणजे चौकीदाराची शिट्टी. ती ऐकू येईनाशी झाली म्हणजे चोर पळाला असं नव्हे, चौकीदार मेला आहे.