धुरपताबाईंची संध्याकाळची गोळी

"आजी, साखरेची गोळी दोन्ही वेळ घेत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या सासूबाईंच्या, धुरपताबाईंच्या पायाचा सडलेला अंगठा सकाळीच कापून काढला होता.

"संध्याकाळची इसरत होती मी, सहा महिन्यापासून."

"सहा महिने?"

"हो जी. म्हातारपन हाय."

गजेंद्र, माझा नवरा, तापलाच. "माय, डब्बा उशाशी राह्यते तुह्या! काऊन इसरते?" चिडून तो डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेला.

म्हातारी खोटं बोलत होती. गल्लीतल्या एकूणएक बारशाची तिथी पाठ असलेली बाई गोळी विसरेल? काहीतरीच! तिच्या डब्यातली गोळी मी खात होते.

लग्नाला सात वर्षं झाली. पाळी चार-चार महिने यायची नाही, मूल कुठलं राहायला! वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्सुलिन वाढलं की बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज तयार होत नाही. तुला शुगर नसली तरी ही शुगरचीच गोळी घे. गजेंद्र सासूबाईंच्या देखतच म्हणाला, "तिशीत शुगरची गोळी? नाचणगावात बोंब होईन." गावातलं मेडिकल त्याच्या मित्राचं. मग मी रोज एक डब्यातून उचलू लागले. म्हटलं, सरकारी दवाखान्यातून ढीगभर मिळतात, म्हातारीला काय कळतंय! तीन महिन्यांनी पाळी आली, आणि मग दर महिन्याला येत राहिली.

"दीपमाला," सासूबाईंनी जवळ बोलावलं. "टाइमावर येते ना आता?"

"काय?"

"पाळी. गोळ्या कमी पडे तं मले समजे. म्हनून तुह्यासाठी संध्याकाळची सोडली म्या."

"आत्याबाई, मले काऊन नाई सांगितलं?"

"तुनं सांगितलं का?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "गज्याले सांगू नोको. मले कुठी पळाचं हाय आता?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

गजेंद्र परत आला, येताच पुन्हा सुरू झाला. "आता तरी ध्यान ठेवशीन का माय? का पाय कापल्यावर अक्कल येईन?"

"आत्याबाई इसरल्या नाई," मी म्हणाले. "त्याइच्या गोळ्या मी खाल्ल्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. तसाच निघून गेला.

सासूबाईंनी चादर ओढून पाय झाकून घेतला. पलंगावर जरा सरकल्या.

"बस अथी," त्या म्हणाल्या. "सकायपासून काई खाल्लं नाई तुनं."