काचेच्या वाटीतले पाणी

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. दोन सिलिंडरांचे, हिरव्या रंगाचे, आणि वजनाने एवढे की मला हलवायला चार माणसे आणि एक साखळी लागते. आयुष्याची अडतीस वर्षे मी एका लाकडी मोटरबोटीच्या पोटात काढली. बोट सगळ्यांना दिसायची, तिच्या रंगाचे कौतुक व्हायचे. मी मात्र फळीखाली, अंधारात. लोकांना माझी आठवण दोनच वेळा होई, सुरू करताना आणि बंद पडल्यावर.

ज्या कारखान्यात माझी जोडणी झाली, तिथे प्रत्येक इंजिन आठ तास चालवून बघत आणि मगच बाहेर सोडत. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्या अंगावर खडूने बरोबरची खूण केली. बंदरावर पोचेपर्यंत ती खूण पुसली गेली, पण माझी ऐट बरेच दिवस टिकली.

माझे पहिले मालक बंदरावरून समोरच्या दोन बेटांवर माणसांची ने-आण करायचे. त्यांची बोट सुटली की लोक आपली घड्याळे लावून घेत, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. ते फारसे बोलके नव्हते. पण रोज सकाळी फळी उचलून आधी माझी विचारपूस करायचे. ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याला पुसायचे, पुन्हा बुडवून उजेडात धरायचे. ऑइल कमी झाले आहे का, पाणी मिसळून दुधासारखे पांढुरके दिसते आहे का, ते पाहायचे. माझ्या डिझेलच्या फिल्टरखाली काचेची एक वाटी आहे. टाकीत कुठून ना कुठून थोडे पाणी शिरतेच, आणि ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे या वाटीच्या तळाशी येऊन बसते. काका खालचा स्क्रू सैल करून ते सोडून द्यायचे. मग पट्टा बोटाने दाबून बघायचे आणि शेवटी एका वहीत दोन ओळी लिहायचे. या सगळ्याला मिळून दहा मिनिटे लागत.

एकदा घाईत असलेल्या एका प्रवाशाने विचारले, "काका, रोज रोज काय बघता त्यात? काल तर चांगलं चाललं होतं की."

"काल चांगलं चाललं, म्हणून तर आज बघायला सवड आहे," काका म्हणाले आणि पट्टी पुसत राहिले.

एकोणीस वर्षांत मी वाटेत एकदाही बंद पडले नाही. यात माझी फुशारकी नाही. पुढच्या काळातही मी तेच होते, माझे लोखंड तेच होते. फरक पडला तो त्या दहा मिनिटांचा.

काकांची नजर अधू झाली आणि बोट त्यांच्या पुतण्याकडे गेली. पुतण्या वाईट माणूस नव्हता. हसतमुख होता, पण दहा कामांत हात घातलेला. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे त्याचे पालुपद. दरवर्षी त्याने बोटीला नवा रंग दिला, बसायला गाद्या केल्या, वर कापडी छत बसवले. माझ्या अंगावरची फळी मात्र महिनोन्‌महिने उघडली नाही.

इंजिनालाही बोलता येते, मित्रांनो. धूर, आवाज आणि वास ही आमची भाषा. मला गार ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी आत ओढणारा एक पंप असतो, त्यातल्या रबरी चाकाच्या दोन पाकळ्या तुटल्या. मी तापू लागले. मी काळा धूर सोडून पाहिला. सकाळी गार असताना उठायला नकार दिला. आतून ठकठक केली. पुतण्याने छताखालचा रेडिओ थोडा मोठा केला. आठ वर्षे अशी गेली. शेवटी थंडीच्या दिवसांत दहा-दहा वेळा बटण दाबूनही मी उठेना, तेव्हा त्याने बोट विकायचे ठरवले.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बेकरी होती. ती चालवणाऱ्या पाववाल्या ताईंना बोट हवी होती. बेटांवरच्या दुकानांना त्या पाव पुरवायच्या, पण दुसऱ्यांच्या बोटीने जाणारा पाव दुपारी पोचायचा, तोवर तो शिळा झालेला असे. ताई नऊ वाजता बोट बघायला येणार होत्या. पुतण्या सात वाजताच आला. महत्प्रयासाने त्याने मला उठवले, तासभर चालवले, बंद केले, फळी लावली आणि मागे जमलेली काजळी पुसून टाकली. ताई आल्यावर त्याने एकदाच बटण दाबले आणि मी लगेच सुरू झाले.

"बघा, पहिल्या झटक्यात," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या तोंडून खोटे वदवून घेतले गेले. गरम इंजिन पटकन उठते. गार असतानाची त्याची दुखणी तेव्हा दिसत नाहीत. कुणी फळी उचलून माझ्यावर नुसता हात ठेवला असता तरी बिंग फुटले असते. ताईंनी गादीवरून हात फिरवला, ताज्या रंगावरून फिरवला आणि व्यवहार ठरला.

ताईंच्या सासूबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या, त्यांचा गुडघा सुजला होता. सासूबाईंनी चाळीस वर्षे शिलाई मशिने दुरुस्त केली होती. बोटे अजून सरळ होती आणि जीभ तर फारच. पहिल्याच फेरीला बोटीत बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "सूनबाई, याचा आवाज मला बरा वाटत नाही."

"आई, ते इंजिन आहे. तुमचं शिलाई मशीन नाही."

"खोकला तर कळतो ना मला?" सासूबाई म्हणाल्या आणि गुडघा चोळत बसल्या.

दहा दिवस ताई रोज सकाळी पुन्हा पुन्हा बटण दाबून मला कसेबसे उठवत राहिल्या. अकराव्या दिवशी सकाळी वारा होता. बोट जोराने हेलकावत होती, आणि टाकीच्या तळाशी इतकी वर्षे साचलेले पाणी आणि गाळ ढवळून निघत होता. पहिल्या बेटावर पाव उतरवून आम्ही दुसऱ्याकडे निघालो होतो. मध्ये पाण्याला ओढ असते आणि ती थेट खडकांच्या रांगेकडे नेते. तिथेच माझ्या घशाशी पाणी आले. मी तीनदा खोकले आणि बंद पडले.

इंजिन थांबल्यावर बोटीत जी शांतता पसरते, ती मला कधीच आवडली नाही. त्या शांततेत खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता. ताई बटण दाबत राहिल्या. मी नुसतीच घरघर करत होते.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "बॅटरी संपवू नकोस. आधी नांगर टाक."

नांगर बराच वेळ तळावरून घसरत गेला. मग कुठेतरी रुतला आणि दोर ताठ झाला. खडक वीस हातांवर राहिले होते.

"तुम्हाला आज आणायलाच नको होतं, आई."

"मग आता चिडली कुणावर असतीस? फळी उचल."

दुखरा गुडघा दुमडून सासूबाई माझ्यापाशी बसल्या. आठ वर्षांत इतक्या जवळून माझ्याकडे कुणी पाहिले नव्हते. "टाका पडत नसला की आपण काय करतो? रिळापासून सुईपर्यंत दोऱ्याची वाट बघतो," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "याचा दोरा म्हणजे डिझेल." टाकीपासून निघालेल्या नळीवर बोट ठेवून त्या सरकत सरकत आल्या आणि काचेच्या वाटीशी थांबल्या. वाटीत अर्ध्यापर्यंत पाणी होते, त्याच्यावर पिवळसर डिझेल तरंगत होते.

"हे बघ. याला आपण पाणी पाजतोय."

खालचा स्क्रू सैल करून त्यांनी सगळे पाणी पावाच्या एका रिकाम्या डब्यात सोडले. ताईंनी बटण दाबले. मी उठले नाही. मला उठायचे होते, पण वाटी रिकामी करताना माझ्या नळीत हवा शिरली होती. नांगराचा दोर करकरत होता.

तेवढ्यात एक मासेमार आपली बोट घेऊन परतत होता. खडकांमुळे त्याला जवळ येता येईना. त्याने लांबूनच हाक दिली, "काय झालं?"

"वाटीतलं पाणी काढलं. तरी उठत नाही," सासूबाई ओरडल्या.

"हवा अडकली असेल. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल करा. खाली डिझेलच्या पंपाला एक दांडी आहे, ती हाताने वरखाली करत राहा. फेस यायचा थांबला की स्क्रू आवळा."

सासूबाई दांडी हलवू लागल्या. स्क्रूतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग पुन्हा फेस. त्यांचे मनगट दुखू लागले तसे ताईंनी दांडी घेतली. बऱ्याच वेळाने स्वच्छ, अखंड धार आली. सासूबाईंनी स्क्रू आवळला.

"आता दाब."

बॅटरीत उरलेल्या शेवटच्या धुगधुगीवर मी फिरले, अडखळले आणि पांढरा धूर सोडत उठले. ताईंच्या जिवात जीव आला. मासेमार अजून थांबलेला होता. "मागून बाहेर पडणारं गार करायचं पाणी कमी आहे," तो म्हणाला. "तापेल ते. हळू न्या." मग त्याने आमच्या बरोबरीने, आमच्याच वेगाने बेटापर्यंत सोबत केली. त्या दिवशी पाव दुपारी पोचला. शिळा का, असे कुणी विचारले नाही.

पुतण्याने आपल्या तोंडाला पाने पुसली, हे ताईंच्या लक्षात आले होते. दुसऱ्या दिवशी दोघी त्याच्या घरी गेल्या. हे सगळे पुढे त्या बोटीत बोलायच्या, त्यामुळे मला कळले. ताई भांडायच्या तयारीने गेल्या होत्या, पण आधी सासूबाईच बोलल्या.

"सूनबाई बघायला आली त्या सकाळी इंजिन आधी चालवून ठेवलं होतंस का?"

"तुम्ही काही विचारलंच नाही तेव्हा," पुतण्या म्हणाला.

"आता विचारते आहे."

"हो," तो म्हणाला. "गार असताना उठत नव्हतं."

"एवढं सांगितलं असतंस तरी बोट घेतलीच असती आम्ही. फक्त आधी दुरुस्त केली असती. काल खडकावर गेलो असतो दोघी."

पुतण्याने मान खाली घातली. उठून आत गेला आणि काकांची वही घेऊन आला. शेवटची नोंद आठ वर्षांपूर्वीची होती, पुढची पाने कोरी. दुरुस्तीसाठी मला बोटीतून काढायच्या दिवशी तो स्वतः साखळी ओढायला आला, आणि संध्याकाळपर्यंत टाकीतला काळा गाळ हातांनी उपसत बसला. कुणी त्याला बोलावले नव्हते.

बंदरावरच्या मिस्त्रींनी मला उघडले. पंपाच्या तुटलेल्या पाकळ्या त्यांना नळीत अडकलेल्या सापडल्या. सगळे बघून, हात पुसत ते म्हणाले, "बिघडलेलं फार काही नाही. याच्याकडे कुणी बघितलेलं नाही, एवढंच."

पुढची अकरा वर्षे माझ्याकडे बघितले गेले. सासूबाई रोज सकाळी ताईंच्या आधी येऊन फळी उचलायच्या, पट्टी पुसायच्या, वाटी उजेडात बघायच्या आणि शिंप्याच्या निळ्या पेन्सिलीने वहीत लिहायच्या. 'आज आवाज मऊ.' 'पट्टा बदलला.' 'सूनबाईने टाकी भरून ठेवली, शाब्बास.' गुडघ्याने अगदीच असहकार पुकारला, तेव्हा त्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसू लागल्या. ताई फळी उचलून मोठ्याने सांगत आणि त्या लिहून घेत. बेटांवर सकाळी साडेसातला गरम पाव पोचू लागला.

शेवटी खारट पाण्याने माझ्या लोखंडी भिंती आतून खाल्ल्या. मिस्त्रींनी दिवा आत धरून पाहिले आणि या वेळी हात टेकले. हे म्हातारपण होते. म्हातारपण आणि हेळसांड यांतला फरक मला कळतो, म्हणून वाईट वाटले नाही. बोटीत नवे इंजिन बसले. मला मात्र भंगारात दिले नाही, इथे यंत्रशाळेत आणून दिले. सासूबाई चाकाच्या खुर्चीत बसून सोबत आल्या होत्या.

तुमच्या सरांनी त्यांना विचारले, "आजी, हे कापून आतले भाग मुलांना दाखवले तर चालेल ना?"

"कापा की," त्या म्हणाल्या. "पण आधी चालू करून ऐकवा त्यांना. चांगला आवाज कसा असतो तेच माहीत नसेल, तर बिघाड ओळखणार कसा?"

तर मित्रांनो, उद्या तुम्ही मला कापणार आहात. अवश्य कापा. माझ्या झिजलेल्या भिंती बघा, पंपाचे चाक हातात घेऊन फिरवा, काही विचारायचे राहू देऊ नका. तुमच्या वाट्याला पुढे जी यंत्रे येतील ती माझ्यासारखी हिरवी नसतील, बोटीतली नसतील, कदाचित डिझेलवर चालणारीही नसतील. त्यांनाही कुणीतरी रोज फळी उचलून बघायला हवे असेल. पण ते उद्या. आज पाण्याची नळी जोडा, मला एकदा सुरू करा, आणि दोन मिनिटे कुणी बोलू नका.