दोन कंपायलर, एक हेडर फाइल

प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या आमच्या आणि दुसऱ्या एका कंपनीच्या कंपायलरच्या हेडर फाइली, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या व्याख्यांच्या याद्या, वेगळ्या. त्यामुळे आमच्याकडे सुरळीत चालणारा प्रोग्राम त्यांच्याकडे अडून बसायचा. दोघांसाठी एकच फाइल ठरवायला आमच्या कंपनीनं मला नेमलं आणि त्यांच्या कंपनीनं एका खडूस माणसाला. रोज सकाळी त्याचा फोन यायचा आणि एकेका ओळीवरून आम्ही हमरीतुमरीवर यायचो.

"अहो, हट्ट सोडा आता!" तो ओरडायचा.

"आधी तुम्ही सोडा!" मी त्याच्यावर वरताण.

बायको वारल्यापासून माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात फाइल मंजूर झाली आणि फोन बंद झाला. आज मी ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून काढली. भांडण उकरायला एखादी चूक पुरली असती. लेकाच्यानं एकही शिल्लक ठेवली नाही.