डागानं काय होतं?

शिरूर कासारच्या शिवारात धुळाजी धनगराची मेंढरं बसली होती आणि त्याची आठेक वर्षांची कडूबाई सकाळपासून त्याच्या मागं लागली होती. लोकर पिळली की धागा तुटत कसा नाही? धुळाजीनं कातर बाजूला ठेवली, लोकर कातायची चाती तिच्या हातात दिली आणि धागा उकलून दाखवला. पोरीला उत्तर देण्यात त्याला मोठी मौज वाटे. पोरीच्या जातीला एवढं कशाला, असं लोक म्हणत. तो हसून सोडून देई. निजामाच्या राज्यात असा बाप विरळाच.

त्याच दुपारी कडूच्या तान्ह्या भावाचं पोट फुगलं. लेकरू दूध ओढेना. तिच्या आईनं, रतनबाईनं, बीडच्या सरकारी शफाखान्याचं, तिथल्या डॉक्टराचं नाव काढलं. पण सासू साखराबाई जिवंत असताना शफाखाना कशाला हवा! डाग द्यायला तिनं विळा चुलीत घातला. मेंढराला जो उपाय तोच लेकराला, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

विळा लाल झाला तशी कडू बापाकडं वळली.

"आबा, डाग कातड्याला, अन् दुखणं तर आत हाय. त्ये भाईर येतंय कसं?"

धुळाजीला ठाऊक नव्हतं. तेवढं कबूल करता तर विळा कदाचित खाली राहिला असता. पण आईदेखत अडाणी ठरायची त्याला लाज वाटली. त्यानं पोरीच्या तोंडात मारली.

"परवा डागलेलं कोकरू मेलंच की," ती रडत म्हणाली.

"हिच्या जिभंनंच पोरगं आजारी पडलं," साखराबाई म्हणाली. "आधी हिला."

बापानं हात धरले. आजीनं विळा पोरीच्या हनुवटीला टेकवला आणि मग तान्ह्याच्या पोटाला.

पोटावरचे डाग पिकले आणि लेकरू गेलं. खापर कडूच्या जिभेवर फुटलं, आणि सगळ्या बिऱ्हाडानं ते मानलं.

पुढं धुळाजीचं मन त्याला खाऊ लागलं. तो मुद्दाम तिच्यापुढं चाती फिरवी, गोफण उलगडून ठेवी. "इचार की गं कायतरी," म्हणे. कडू खाली बघून लेंड्या झाडत राही.

दुसऱ्या साली रतनबाईला मुलगी झाली. एका सकाळी त्या तान्हीचंही पोट फुगलं. या वेळी रतनबाईनं लेकरू पदराआड धरलं आणि शफाखान्याचा हट्टच घेतला. धुळाजीही घोडं आणायला उठला. वळून बघतो तर चुलीपाशी कडू बसलेली. कुणी सांगितलं नव्हतं. विळा तिनंच निखाऱ्यात घातला होता आणि ती फुंकणीनं जाळ करत होती.

"आबा, आता म्या काय इचारत न्हाई," ती म्हणाली. "बारकीला धरा."

पोरीला हे शिकवलं कुणी, ते वाचकांनी आपापल्या चुलीपुढं बसून ठरवावं.